आयरिश नाव? आधी हाक मारून बघा

डब्लिनमध्ये जन्मणाऱ्या लेकराला आयरिश नाव द्यायचं ठरवलंत, छान! फक्त यादीत बघून नाव पक्कं करू नका. या भाषेत लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. एन-आय-ए-एम-एच म्हणजे ‘नीव्ह’, कारण शेवटचे एम-एच मिळून ‘व’ होतो. ए-ओ-आय-एफ-ई म्हणजे ‘ईफा’. इथल्या शाळेत कुणी अडखळणार नाही, पण सुट्टीत पुण्याला गेलात की ‘निआम्ह कोण?’ ऐकायची तयारी ठेवा. देवनागरीत लिहून दिलंत तर मात्र आजीलाही पहिल्या फटक्यात जमतं.

अक्षरावरची तिरकी रेघ, म्हणजे ‘फादा’, जन्मनोंदणीच्या फॉर्मवर अजिबात विसरू नका. ती शोभेची नसते. ‘शॉन’मधली रेघ गेली की उरतो ‘शॅन’, आणि आयरिशमध्ये त्याचा अर्थ म्हातारा! पाळण्यातल्या बाळाला हे कशाला?

मागची गोष्टही विचारून घ्या. ‘डिअर्ड्रा’ कानाला गोड, पण दंतकथेतल्या त्या मुलीच्या वाट्याला नुसतं दुःखच आलं. माझ्या सासूबाईंनी तर ऐकताक्षणी नाक मुरडलं असतं.

मुलगी झाली तर माझं मत ‘ऑन्या’ला. उन्हाळ्याशी जोडलेली देवता, लिमरिकमध्ये तिच्या नावाची टेकडीसुद्धा आहे, आणि आपल्या अनन्या-तन्यांच्या रांगेत सहज बसते. मुलगा असेल तर ‘रिअन’, म्हणजे छोटा राजा.

नोंदणीला 3 महिने मिळतात. बारसं निवांत करा.