माप बदललं आणि त्रिकोण उलटला

प्रश्न: काका, डिप्लोमानंतर सातारा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कॅडवर (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर) बसतो. दोन भाग जोडणारी त्रिकोणी गसेट प्लेट काढली : पाया 100, बाजू 60 आणि 80 मिमी, वरच्या कोपऱ्यापाशी 10 चं भोक. काटकोनही दाखवला, तर स्केच लाल, 'ओव्हर डिफाइन्ड', म्हणजे गरजेपेक्षा जास्त अटी. काटकोन काढून टाकून 100 चे 138 केले, तर टोक पायाखाली उलटलं. सॉफ्टवेअर बिघडलंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही रे. मी कुपवाडला ड्रॉइंग बोर्डावर शिकलो. पाया ओढायचा, एका टोकावरून 60 चा चाप, दुसऱ्यावरून 80 चा. चाप दोन ठिकाणी छेदतात, एक वर, एक खाली. आपण वरचा बिंदू धरायचो, कारण प्लेट कुठे बसणार हे डोक्यात असायचं. कॅडला ते कुठलं कळायला? त्याच्याकडे फक्त समीकरणं, आणि खालचा त्रिकोणही त्यात चोख बसतो.

मग ते निवडतं कसं? तू काढलंयस तिथून निघतं आणि सरकत सरकत अटी पुऱ्या करतं. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत इव्हान सदरलँडने केलेला स्केचपॅड हा संगणकावर चित्र काढायचा प्रोग्रॅमही असाच, पडद्यावर लाइट पेनने काढलेली ओबडधोबड आकृती अटींत बसवून घ्यायचा. आता तुझी प्लेट बघ. पाया 100 असताना टोक 48 मिमी वर होतं, 138 ला जेमतेम 12. 140 केलेस तर त्रिकोण सपाटच! एवढ्या चिंचोळ्या जागेत सॉफ्टवेअरचं एक पाऊल लांब पडलं की टोक पायापलीकडे, आणि तिथलंच उत्तर त्याला सापडतं. म्हणून 115, 130 असं टप्प्याटप्प्याने ने. तरी उलटलंच तर टोक माऊसने धरून वर ओढ.

लाल रंगाचं म्हणशील, तर 60, 80, 100 म्हटल्यावर काटकोन आलाच. तो वेगळा सांगणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा, आणि 138 ला तर तो चक्क खोटा. दाखवायचाच असेल तर संदर्भ माप म्हणून दाखव. त्यापेक्षा एक कोपरा ओरिजिनला, म्हणजे स्केचच्या शून्य बिंदूला, बांध, पाया आडवा कर. तीन बाजू दिल्या तरी प्लेट आडवी-उभी सरकते, फिरते. त्या तिन्ही मोकळिका तिथे संपतात.

आणि 138 खरंच हवेत का, साहेबांना विचार. 12 मिमीच्या त्या चिमटीत 10 चं भोक पाडणार कुठे?