इंग्रजीत स्वल्पविराम नेमका कुठे द्यायचा? थांबायचं तिथे दिला तरी चुकतो, असं का?

‘वाचताना जिथे थोडं थांबतो तिथे स्वल्पविराम’ असं शाळेत शिकवलं, त्याप्रमाणे देतो, तरी साहेब मेल दुरुस्त्या करून परत पाठवतात, असं तुम्ही लिहिलंय. गोची त्या नियमातच आहे. इंग्रजीतला आजचा स्वल्पविराम दम कुठे घ्यायचा ते सांगत नाही; वाक्याचा कुठला तुकडा कशाला जोडलाय ते सांगतो.

दमाचा नियम मुळात खोटा नाही, फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या अ‍ॅरिस्टोफेनिसनं ओळीत वर, मध्ये, खाली टिंबं द्यायची पद्धत काढली, ती मोठ्यानं वाचणाऱ्याच्या सोयीसाठीच. पुढे छपाई आली, लोक मनात वाचू लागले, आणि चिन्हांचं काम हळूहळू व्याकरणाकडे गेलं.

मी इंग्रजी मजकूर तपासायचं काम करतो. मराठी माणसानं लिहिलेलं इंग्रजी मला बऱ्याचदा स्वल्पविरामांवरून ओळखू येतं. हेटाळणी नाही ही. ते स्वल्पविराम मराठीच्या हिशेबानं अगदी बरोबर असतात, भाषा तेवढी दुसरी असते. (उदाहरणं देवनागरीतच देतोय; चिन्हांकडे बघा.)

सगळ्यात जास्त दिसतं ते हे: ‘द मीटिंग व्हिच वॉज शेड्यूल्ड फॉर मंडे, इज कॅन्सल्ड.’ मराठीत आपण लिहितो, ‘सोमवारी जी मीटिंग ठरली होती, ती रद्द झाली.’ ‘जी’चा तुकडा संपून ‘ती’ सुरू होते, तिथे स्वल्पविराम शोभतो. इंग्रजी वाक्यात ती ‘ती’ नाहीच. ‘मीटिंग’ कर्ता, ‘इज’ त्याचं क्रियापद, आणि त्या दोघांच्या मध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही, कर्ता कितीही लांबलचक असो. मधल्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी द्या, नाहीतर एकही देऊ नका.

दोन की शून्य, यानं अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, इज अ डॉक्टर’ म्हणजे भाऊ एकच, पुण्याचं आपलं जाता जाता सांगितलं. दोन्ही स्वल्पविराम काढा: आता भाऊ अनेक असावेत आणि त्यांतला पुण्यातला डॉक्टर आहे.

दुसरी सवय ‘तो म्हणाला की,’ ही. तिच्यामुळे ‘ही सेड दॅट, ही विल कम’ असं उतरतं. ‘दॅट’नंतरचा स्वल्पविराम सरळ खोडा.

तिसरी जास्त चिवट. ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ हे मराठीत छान वाक्य आहे. ‘इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’ला मात्र इंग्रजी शिक्षक लाल रेघ मारतात, कारण दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर जोडायची नसतात. पूर्णविराम द्या, किंवा स्वल्पविरामानंतर ‘सो’ घाला, किंवा अर्धविराम द्या. अर्धविरामाचं मुख्य काम हेच, आणि लोक त्याला उगाच घाबरतात. कादंबरीकार हा नियम मुद्दाम मोडतात. ऑफिसच्या मेलमध्ये ती हौस नको.

‘इफ’चं सोपं आहे. ‘इफ’वालं वाक्य आधी आलं तर त्यानंतर स्वल्पविराम, मागून आलं तर बहुधा नाही.

आता यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधीचा स्वल्पविराम, ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. ब्रिटिश वर्तमानपत्रं तो सहसा टाळतात, अमेरिकन पुस्तकांत तो बहुतेक असतो. यावरून लोक हमरीतुमरीवर येतात ते मला गंमतीचं वाटायचं, पण अमेरिकेतल्या मेन राज्यातला ओकहर्स्ट डेअरीचा खटला वाचला की गंमत ओसरते. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती: डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, साठवणं वगैरे, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, यात काम एकच, ते पॅकिंगचं. मग ते पाठवण्यासाठी असो वा वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करतच नाही, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली, वितरण हे वेगळं काम आहे. अपील न्यायालयानं २०१७ मध्ये वाक्य संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूनं कौल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली. गंमत अशी, की तो स्वल्पविराम टाळा, असं त्या राज्याची कायदे लिहिण्याची नियमपुस्तिकाच सांगत होती! नंतर विधिमंडळानं त्या यादीत चक्क अर्धविराम घातले. माझं मत: पैसा, तारीख, जबाबदारी असा मामला असेल तर तो स्वल्पविराम द्याच.

अपॉस्ट्रॉफीबद्दल (शब्दात वरच्या बाजूला येणारं ते चिन्ह: ’) एवढंच, की ती अनेकवचनासाठी नसते. दुकानावरच्या पाट्यांकडे बघून शिकू नका. आणि स्वल्पविराम, पूर्णविराम अशा चिन्हांच्या आधी जागा सोडायची नसते, नंतर सोडायची.

मेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता. मध्ये एकटा स्वल्पविराम बसलेला दिसला तर काढा. तुमच्या निम्म्या दुरुस्त्या तिथेच संपतील, असा माझा अंदाज आहे. आणि साहेबांना एकदा विचारून घ्या, ऑफिसात ब्रिटिश पद्धत चालते की अमेरिकन. अवतरणचिन्हं बंद करताना अमेरिकन लोक स्वल्पविराम आत ठेवतात, ब्रिटिश बहुधा बाहेर, आणि त्यावर तुम्ही एकट्यानं डोकं खपवण्यात काही हशील नाही.