पंचवीस हजारांचा कोर्स आणि वाकडचा फ्लॅट

प्रश्न : मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो. वाकडला ६० लाखांचा वन बीएचके घेतलाय, तो भाड्याने द्यायचा आहे. मध्यंतरी एका हॉटेलात घरमालकांसाठी फुकट शिबिर होतं. शेवटी सांगितलं, दोन दिवसांचा कोर्स ३५ हजारांचा, आज भरले तर २५. मुलगा म्हणतो भरा, ही म्हणते नको. काय करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : वहिनींचं ऐका. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला 'आजच्या आज'वर आणून ठेवणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं! घरं विकून देणाऱ्या एजंटाला महारेराने, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. शिबिरातल्या गुरुजींनी कुठली परीक्षा दिली, विचारलंत का?

आधी हिशेब मांडा. भाडं १७ हजार धरलं तर वर्षाचे २ लाख ४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार, पालिकेचा कर ९ हजार, एक महिना घर रिकामं आणि एक महिन्याचं भाडं ब्रोकरला. उरले सव्वा लाख. ६० लाखांवर शेकडा दोन, तेही रंगकाम न धरता. हे शिबिरात फळ्यावर कुणी लिहिलं नसणार.

आता करार. इथे मी स्वतः पोळले आहे. २००८ साली पहिला भाडेकरू ठेवला, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार, नोटरीचा शिक्का, झालं. सोडताना तो म्हणाला, "ताई, डिपॉझिट चाळीस दिलं होतं." मी घेतले होते पंचवीस, रोख, पावती नाही. वकिलांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ पुढ्यात ठेवलं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, ते खोटं पाडायचं आपण. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. '११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला' हे ब्रोकरचं पालुपद कानाआड करा. पंधरा हजार मुकाट्याने मोजले मी.

तुमच्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराला, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे पाचशेच्या आत, आणि शहरी भागात नोंदणी फी हजार. ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन फोटो-अंगठा घेतो, त्याचे पैसे वेगळे. मुदत संपून माणूस हलला नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि तोवर दुप्पट भाडं मागता येतं, पण त्यासाठी हातात नोंदवलेला करार हवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायची, तेही विसरू नका. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी 'नॉन-ऑक्युपन्सी'च्या नावाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागत असेल तर २००१ चा शासन आदेश दाखवा.

शिकायचंच असेल तर कराराचा मसुदा घेऊन एखाद्या वकिलाकडे तासभर बसा. एकेक कलम मोठ्याने वाचा, अडेल तिथे विचारा.

किल्ली देण्याआधी मीटरचं रीडिंग, गिझर, ओट्याखालचा ओलावा, सगळ्याचे फोटो काढा. किल्ल्या किती दिल्या तेही लिहून सही घ्या. माझ्या लॅचची एक किल्ली अजून कुणाच्या तरी खिशात आहे. कुलूप बदलायला अठराशे गेले.