झेडपी शाळेच्या समितीवर निवडून यायचं तर काय करायचं?
भावा, पोरगी करवीर तालुक्यातल्या झेडपी शाळेत आहे म्हणतोस, मग काय विषय नाही, पालक असणं हीच मेन अट. आरटीई २००९ म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालकच लागतात आणि निम्म्या बायका, त्यामुळं वहिनींना उभं केलंस तर अजून भारी. पालकसभेत निवड होते, तारीख मुख्याध्यापकांना विचारून ठेव, तेच सदस्य सचिव असतात. बॅनर-बिनर नको, गोकुळ दूध संघाच्या इलेक्शनसारखी जेवणावळ तर अजिबात नको (आपल्याकडं सवयच वाईट), चार दिवस शाळा सुटताना गेटवर थांब, पालकांशी बोल, पोषण आहार, संडास, पाणी ह्यावर विचार, कारण नंतर शाळा विकास आराखडा तुम्हालाच करायचाय.