वन्संना नवा गडी आवडला, त्याची गोष्ट

ताई,

पत्र वाचून हसू नका. वय ६१, बँकेतून निवृत्त, मुक्काम चिंचवड. माझ्या नणंदबाई बडोद्याला असतात. 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झालं तेव्हापासून आमचा नेम होता. कार्यक्रम संपला की वन्संचा फोन यायचा. पोस्टमनकाकांच्या पत्राला इकडे मी रडायची, तिकडे त्या, आणि मग फोनवर एकमेकींना हसायचो. २०२४ च्या मार्चमध्ये कार्यक्रम बंद झाला तरी फोन चालू होते.

२०२५ च्या जुलैत कार्यक्रम परत आला, पण सूत्रसंचालक निलेश साबळे नाहीत, अभिजीत खांडकेकर. मी पहिला भाग अर्ध्यात बंद केला. वन्संनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'नवा गडी छान आहे, फ्रेश वाटलं.' माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'ज्यानं दहा वर्षं कार्यक्रम उभा केला त्याला एका रात्रीत विसरलात, लाज वाटायला हवी.' त्यांचं उत्तर आलं, 'वहिनी, तुला नवीन काही चालतच नाही. टीव्हीवर नाही आणि घरातही नाही. सुनेला विचार.' ग्रुपमध्ये माझे व्याही-विहीणही आहेत. कुणी काही बोललं नाही. सूनही नाही. मी ग्रुप सोडला.

याच वन्संनी २०२४ ला सूत्रसंचालक मांजरेकर बदलले म्हणून 'बिग बॉस मराठी' बघणार नाही अशी शपथ घेतली होती, आणि नंतर त्यातल्याच सूरज चव्हाणला मतं देत बसल्या!

गणपतीत फोन नाही, नवरात्रात नाही. परवा त्यांनी मला एकटीला एका नव्या मालिकेचा प्रोमो पाठवला. सोबत एक शब्द नाही. मी तो उघडलेला नाही. दर भाऊबीजेला त्या आमच्याकडे येतात. हे म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. मुलगा म्हणतो, टीव्हीवरच्या माणसासाठी कुणी भांडतं का? मी वेडी आहे का? चूक कुणाची? आणि साबळेंवर अन्याय झाला असं तुम्हाला नाही वाटत? माझ्यासारख्यांनी बघणं बंद केलं की गुरुवारी टीआरपीत कळेलच चॅनेलला.

– वहिनी, चिंचवड


वहिनी,

नाही हसले. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमच्या रागाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

साबळेंवर अन्याय झाला असं मला वाटत नाही. ते स्वतःच सांगून मोकळे झालेत की विचारणा झाली होती, पण चित्रपटाच्या कामामुळे जमण्यासारखं नव्हतं. त्याआधी २०२४ मध्येच ते भाऊ कदम आणि ओंकार भोजनेला घेऊन कलर्स मराठीवर 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' करून आले. म्हणजे ज्यांची बाजू घेऊन तुम्ही बडोद्याशी संबंध तोडायला निघालात, ते केव्हाच पुढच्या कामाला लागले आहेत. वकीलपत्र त्यांनी तुम्हाला दिलेलं नाही. खांडकेकरांनीही कुणाची खुर्ची ओढलेली नाही. हे दोघंही झी मराठीच्याच 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' या स्पर्धेतून पुढे आलेले, एकमेकांना ओळखणारे लोक.

एवढं सांगून झाल्यावर आता तुमच्या बाजूचं. 'कार्यक्रम आता तो राहिला नाही' असं तुम्हाला वाटतं, ते अगदी बरोबर आहे. साबळे नुसते माइक धरून उभे नसायचे. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, कुणी कुठे घुसायचं आणि कुणाला किती ताणू द्यायचं हेही त्यांचंच. कार्यक्रमातल्या थुकरटवाडीचा सगळा सूर त्या एका माणसाच्या कानाने लागलेला होता. तुम्हाला रडवणारी पत्रं अरविंद जगताप लिहायचे आणि सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचे. नव्या पर्वाचं नावच 'कॉमेडीचं गँगवॉर'. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भरत गणेशपुरे आहेत, पण गौरव मोरे आणि प्रियदर्शन जाधवही आहेत, आणि हे पाचही जण गँगलीडर. त्यांच्या टोळ्यांतून नवे कलाकार स्पर्धा करणार. सोमवार-मंगळवार जाऊन शनिवार-रविवार आला. (गँगवॉर हे नाव मलाही रुचलं नाही. हसवायला टोळीयुद्ध कशाला लागतं?) तेव्हा वन्संना आवडला तो एक कार्यक्रम आणि तुम्हाला आठवतो तो दुसरा. पाटी तेवढी एक आहे. तुम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतात, आणि दोघींचंही खरं होतं.

चिरंजीवांचं काय करायचं ते सांगते. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्या मुंबई इंडियन्सचा कर्णधार होऊन वानखेडेवर उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. त्या संध्याकाळी चिरंजीव काय म्हणत होते ते आठवायला सांगा. त्यानंतर तुमच्या वेडाबद्दल बोलू. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दहा वर्षं, एक माणूस तुमच्याकडे बघून 'हसताय ना?' विचारतो. तुम्हाला तो आपला वाटला नसता तरच मला काळजी वाटली असती. ती त्यांच्या कामाची पावतीच आहे. खेळाडूसाठी घसा कोरडा केला की ती निष्ठा आणि सूत्रसंचालकासाठी केला की बायकांचं वेड, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

खुर्च्या मात्र बदलतात, आणि लोक दर वेळी हेच म्हणतात. 'कौन बनेगा करोडपती' २००० साली अमिताभ बच्चन यांनी सुरू केलं, २००७ मध्ये त्या जागी शाहरुख खान आले, तेव्हा घरोघरी 'छे, ते काही खरं नाही' झालं होतं. २०१० मध्ये बच्चन परतले. मराठीत २०१३ ला सचिन खेडेकर होते, पुढे स्वप्नील जोशी आले, २०१९ मध्ये नागराज मंजुळे आले आणि मग पुन्हा खेडेकर. मंजुळ्यांचं नाव ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ होते. मला विचाराल तर गावाकडून आलेल्या, हॉट सीटवर अवघडलेल्या माणसाशी त्यांच्याइतकं सहज कुणी बोललं नाही. पण हे माझं मत झालं. खेडेकरांचा आवाज ऐकल्याशिवाय प्रश्न प्रश्न वाटत नाही, असं म्हणणारे वाचकही मला ठाऊक आहेत, आणि आमचं एकमेकांशी बरं चाललं आहे.

'बिग बॉस मराठी'चंही तसंच. पहिली चार पर्वं महेश मांजरेकरांची. २०२४ ला रितेश देशमुख आले तेव्हा चावडीवरचा तो दरारा यांना कुठून जमणार, असं सगळीकडे ऐकू येत होतं. मग चावडीच्या जागी रितेश यांचा 'भाऊचा धक्का' रुळला आणि सूरज जिंकेपर्यंत तक्रारी विरून गेल्या. वन्संची शपथ त्यातच विरली. हे हत्यार तुमच्या हाताशी आहे, आणि भाऊबीजेला ताट मांडता मांडता ते बाहेर काढायचा मोह होईल, हेही मला तुमच्या उद्गारचिन्हावरून दिसतंय. काढू नका. त्यांनी शपथ मोडली यात त्यांचा काही गुन्हा नाही. त्यांनी बघितलं, त्यांना आवडलं, संपलं. त्यातून एवढंच घ्या की माणूस गेल्याचं त्यांनाही लागतं. त्यांचं लवकर ओसरतं, तुमचं ओसरत नाही.

टीआरपीचं तर सोडूनच द्या. गुरुवारी जे आकडे येतात ते देशभरातल्या पन्नास हजारांवर निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढलेले असतात. ती घरं गुप्त ठेवतात. तुमच्या घरी तसा मीटर नसेल तर तुम्ही टीव्ही रागाने बंद केलात की प्रेमाने चालू ठेवलात, चॅनेलपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. तुमच्या बहिष्काराने आजवर एकच गोष्ट बंद पडली आहे, ती म्हणजे बडोद्याचा फोन.

आता चूक कुणाची. आधी तुमची. 'लाज वाटायला हवी' हे वाक्य टीव्हीवरच्या माणसावरून घरच्या माणसाला म्हणायचं नसतं. वन्संना कोण आवडावं यात नीती-अनीतीचा काही प्रश्नच नव्हता. तुम्ही तो आणलात, आणि व्याह्यांसमोर आणलात. त्यांची चूक त्यापुढची, आणि माझ्या मते मोठी. वाद सूत्रसंचालकाचा होता, त्यात त्यांनी तुमचं स्वयंपाकघर ओढलं.

तुमच्या पत्रात साबळेंवर पुष्कळ आहे, मांजरेकरांवर आहे, टीआरपीवर आहे. सुनेवर दोनच शब्द आहेत, 'सूनही नाही'. मी ते दोन शब्द परत वाचले. तुमची झोप उडाली असेल तर ती त्यांनी उडवली आहे, खांडकेकरांनी नाही.

तिच्या जागी जरा बसून बघा. एका बाजूला सासू, दुसरीकडे आत्येसासू, आणि तिचे आईवडील हे सगळं वाचताहेत. 'आई तशा नाहीत' म्हणावं तर आत्येसासूला खोटं पाडल्यासारखं होतं. 'आत्या बरोबर बोलल्या' तर म्हणायचीच सोय नाही. हसरं चित्र टाकलं असतं तर तुम्ही दोघींनीही त्याचे चार अर्थ काढले असते. ती गप्प बसली. मीही गप्प बसले असते. तिच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. आणि तिला गाठून 'मी तुला तशी वाटते का गं?' असं अजिबात विचारू नका. त्या प्रश्नाला सुनेजवळ एकच उत्तर असतं आणि ते खरं असेलच असं नाही.

पण वन्संनी ते हवेतून काढलं असेल असंही मला वाटत नाही. भांडणात माणसं कडवट बोलतात, पण काहीतरी ऐकलेलं, पाहिलेलं असतं तेच वाढवून बोलतात. ते काय असेल हे तुम्हाला माहीत आहे. मला लिहिलेलं नाहीत आणि लिहायची गरजही नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ असेल, देवघरातली मांडणी असेल, नाहीतर आणखी काही. ती एक गोष्ट तिच्या मनासारखी होऊ द्या. जाहीर करू नका, 'बघ, मला नवीन चालतं' असं ऐकवू नका. करून टाका आणि विसरा.

वन्संशी मात्र बोलावं लागेल, आणि भाऊबीजेच्या आधी. ऐन दिवशी नको. तेव्हा घर भरलेलं असतं, पाटावर बसलेल्या भावाला ओवाळायचं असतं, आणि तुमचे यजमान 'तुमचं तुम्ही बघा' म्हणत दोघींच्या मध्ये अडकतात. मुलाला सांगून ग्रुपमध्ये परत या. शब्द चारचौघांत गेला होता, तो चारचौघांतच मागे घ्यायला हवा. एवढं लिहा: 'वन्सं, लाज वगैरे मी म्हणायला नको होतं. मला साबळे आवडतात, ते आवडतच राहतील. तुम्हाला खांडकेकर आवडतात तर आवडू देत.' सुनेचा विषय तिथे काढू नका.

तो फोनवर काढा. 'सुनेचं नाव व्याह्यांसमोर घेतलंत ते मला लागलं,' हे एक वाक्य बोला आणि थांबा. त्या लगेच माफी मागतील अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित म्हणतील, 'अगं मी आपलं सहज,' आणि विषय मुलांच्या परीक्षेवर नेतील. नेऊ द्या. ऐकलंय त्यांनी.

आणि फोन करायच्या आधी तो प्रोमो उघडा. सोबत एक शब्द नाही म्हणून तुम्ही रुसलात, पण आपल्या पिढीत 'चुकलं माझं' हे तोंडाने म्हणायची सवय फार थोड्यांना आहे. बाकीचे फॉरवर्ड पाठवतात. नवा प्रोमो म्हणजे तर बोलायला चांगला मसाला. आधी नुसतं 'लवकरच' येतं, तारीख नाही, वेळ नाही. मग साऱ्या प्रेक्षकांत एकच चर्चा, ही कुणाच्या जागेवर येणार? कुठली मालिका गुंडाळणार, कुणाला संध्याकाळी सहाला ढकलणार आणि कुणाला रात्री अकराला? तुम्हा दोघींचे अंदाज यात कधीच जुळणार नाहीत, आणि त्यात कुणाची लाज निघण्यासारखं काही नाही. जमलं तर ती मालिका पहिल्या भागापासून दोघींनी मिळून धरा. तिच्यात तुमचं कुणी जुनं नाही आणि त्यांचं कुणी नवं नाही.

'गँगवॉर' तुम्ही बघायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. नाही आवडलं, नका बघू. वन्संनी फोनवर त्यातला एखादा विनोद सांगितला तर तेवढा ऐकून घ्या, आणि 'साबळे असते तर' हे त्या दिवसापुरतं गिळा. पुढच्या फोनला म्हणायला हरकत नाही.

भाऊबीजेच्या रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही लागेलच. रिमोट सुनेच्या हातात द्या. ती जे लावेल त्याला नावं ठेवायची नाहीत, आणि हे वन्संनाही फोनवरच आधी बजावून ठेवा.