मॉक्सीफ्लॉक्सासिनचे ड्रॉप ३ दिवस घालूनही डोळ्यांना फरक नाही. आता दुसरं स्ट्राँग अँटिबायोटिक घेऊ का?

'स्ट्राँग' शब्द वाचला आणि आमचे दाजी डोळ्यांसमोर आले. त्यांचं मेडिकल आहे.

आम्ही तासगावकडचे. उसाचा पाला काढताना आबांच्या डोळ्याला पात लागली. दाजींनी 'एकदम स्ट्राँग' ड्रॉप दिले, मॉक्सी आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र. २ दिवसांत लाली उतरली, दाजी खूश. तिसऱ्या रात्री आबा डोकं धरून बसले. सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका, पापण्या हिरवट पुवाने चिकटलेल्या.

मिरजेला नेलं. डॉक्टरांनी डोळा सुन्न करून बुबुळ जरासं खरवडलं. बुरशी निघाली नाही, हे नशीब. शेतातल्या जखमेत तिचीच धास्ती, आणि स्टेरॉइड म्हणजे तिला खतपाणीच. निघाला तो सुडोमोनास नावाचा जीवाणू. लॅबवाला म्हणे, हा ज्या प्लेटवर वाढवतात तिला द्राक्षासारखा वास येतो. तासगावकरांना सांगतोय! रिपोर्टात मॉक्सीपुढे आर, म्हणजे जंतू दाद देत नाही; अमिकासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकपुढे एस, म्हणजे लागू पडतं. रिपोर्ट यायच्या आधीच तासातासाला ड्रॉप सुरू झाले होते, रात्रीसुद्धा. मी आणि भाऊ गजर लावून पाळीपाळीने जागलो.

डोळा राहिला, पण फूल पडलं. त्या डोळ्याने आबा समोरच्याची बोटं मोजतात, पेपर वाचत नाहीत.

तर स्ट्राँग-बिट्राँग काही नसतं. मॉक्सी स्टॅफिलोकॉकस या जीवाणूवर चांगलं, सुडोमोनासवर मात्र त्याच जातीच्या सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षाही ढिलं. जंतू कोण ते कळल्याशिवाय बाटल्या बदलणं म्हणजे अंधारात दगड.

तुमचं म्हणाल तर, २०२३ च्या पावसाळ्यात आली तशी साथ असेल तर ते व्हायरसचं काम, त्याला कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही. दुखत असेल, उजेड सोसत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा लेन्स वापरत असाल तर मात्र आजच डॉक्टर गाठा. बाटली सोबत न्या. आधी ड्रॉप घातले असतील तर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, जंतू कधीकधी उगवतच नाही, म्हणून ते सांगावं लागतं.

हो, आर आला म्हणजे औषध अगदीच वाया, असंही नाही. लॅबचे आकडे रक्तात औषध किती उतरतं यावर बेतलेले, थेंब तर थेट बुबुळावर पडतो, कितीतरी पट जास्त. डॉक्टरांनी हे दाजींसमोर सांगितलं, तेव्हापासून दाजी प्रत्येक लग्नात ऐकवतात, "म्हणजे माझं मॉक्सी चुकलं नव्हतंच." डेक्साचं विचारलं की त्यांना नेमका कुणाचा तरी फोन येतो.