सकाळच्या गाड्यांना वजन कमी का भरतं?

प्रश्न : आमचा खडीक्रशर आहे. यंदा व्हील लोडरवर (पुढच्या बकेटने टिपर भरणारं चाकांचं मशीन) वजन मोजायची सिस्टीम बसवली. दुपारी लोडरवरचं वजन आणि गेटवरच्या काट्याचं वजन जमतं. पण सकाळच्या पहिल्या दोन-तीन टिपरना काट्यावर 300-400 किलो कमी भरतात आणि ओल्या डस्टच्या (खडीच्या बारीक चुऱ्याच्या) गाड्यांना तर दिवसभर. सिस्टीमवाला म्हणतो ऑपरेटर चुकतो, ऑपरेटर म्हणतो मशीन चुकतं. आम्ही काय समजायचं? आणि या वजनावर बिल केलं तर चालेल का? – एक क्रशरमालक, जि. सातारा

उत्तर : आधी ऑपरेटरवरचा आळ काढून टाका. तुम्ही लिहिलंय ती लक्षणं हात चुकल्याची नाहीत.

बकेटखाली काटा नसतो. बूम, म्हणजे बकेटचा हात, उचलणाऱ्या सिलेंडरमध्ये तेलाचा जो दाब येतो, तो सेन्सर मोजतो आणि त्यातून रिकाम्या बकेटचा दाब वजा होतो. सकाळी तेल गार आणि घट्ट असतं, ते नळ्यांतून ढकलायलाच दाब लागतो. तो दाबही मालाच्या खात्यात पडला, की स्क्रीनवर आकडा पूर्ण आणि गाडीत माल कमी. म्हणून सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं रिकामी बकेट वर-खाली करा, तेल कोमट होऊ द्या, मग झिरो घ्या, म्हणजे रिकाम्या बकेटला स्क्रीनवर शून्य लावा. उचलताना इंजिनची रेस रोज एकसारखी ठेवा आणि बकेट पूर्ण मागे वळवलेली असू द्या.

डस्टचं कारण निराळं. एका क्रशरवर हीच तक्रार होती. मी दोनदा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे सिस्टीमचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवला, तरी फरक जाईना. शेवटी बकेट जमिनीवर टेकवून कोपऱ्यांत फावडं घातलं, तर चिकटलेली डस्ट चार घमेली निघाली. घमेल्याला 20 किलो धरले, तर 80 किलो. हा माल गाडीत पडतच नाही, पण प्रत्येक उचलीत मोजला जातो. सहा बकेटांच्या गाडीत 480 किलो गेले! ओला माल असेल तेव्हा दर दोन-तीन गाड्यांनी बकेट खरवडायला लावा, नाहीतर झिरो पुन्हा घ्या. बूमच्या पिनांना ग्रीस रोज हवंच. कोरडी पिन अडते, आणि तेही वजनातच दिसतं.

बिल मात्र गेटवरच्या काट्यावरच करा. विक्रीसाठी वैधमापनशास्त्र खात्याने पडताळून शिक्का मारलेलाच काटा लागतो. युरोपात काही लोडर-काट्यांना विक्रीसाठी मान्यता मिळते, तुमची सिस्टीम त्यातली समजू नका. तिचा खरा उपयोग शेवटच्या बकेटला. दहा चाकी टिपरला गाडीसकट 28.5 टनांची मर्यादा आहे. ओव्हरलोड सापडला तर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. स्क्रीनकडे बघून शेवटची बकेट अर्धी भरणारा ऑपरेटर हा दंड वाचवतो. त्याला स्क्रीन नीट शिकवा, घाई करायला लावू नका.

प्रश्न : पोकलेनवर हीच सिस्टीम चालेल का? – एक ठेकेदार, नगर

उत्तर : लोडरची चालणार नाही. पोकलेनचा हात लांब गेला की तेवढ्याच मालाला दाब वाढतो. म्हणून बूम, आर्म, बकेट आणि मशीनचा कल मोजणारे वेगवेगळे सेन्सर लागतात. ते असलेली सिस्टीम घ्या आणि भरताना मशीन शक्यतो सपाट जागी उभं करा. झटका देऊन फिरवलं तर आकडा हलतो.